सुजलेले पाय आणि रक्तातलं अल्ब्युमिन

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मालकांचं लिव्हर खराब झालंय. डाळ, अंडी बंद केली, तरी पोटाची न् पायाची सूज का उतरत नाही?" ऐकून मला माझे मामा आठवले. त्यांनाही आम्ही पथ्य म्हणून नुसत्या पेजेवर ठेवलं होतं. हातपाय काडीसारखे झाले, पोट मात्र वाढत गेलं. पुढं डॉक्टरांनी समजावलं, तेच आज सांगते.

आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते फक्त लिव्हरमध्ये तयार होतं. रक्तातलं पाणी नसांमध्ये धरून ठेवायचं, आणि औषधं, कावीळीचं पिवळं द्रव्य वाहून न्यायचं, ही त्याची कामं. तपासणीत ते साधारण 3.5 ते 5 असावं. सिरोसिसमध्ये लिव्हर घट्ट होतं, त्याच्याकडे येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो. अल्ब्युमिन कमी बनतं, आणि असतं तेही धड काम करत नाही. मग पाणी पोटात, पायात उतरतं. वाकून चप्पल घालता येत नाही, दोन घास खाल्ले की पोट भरतं, रात्री झोप नाही.

अंडं खाल्लं म्हणजे रक्तातलं अल्ब्युमिन लगेच वाढतं असं नाही. पण प्रथिनं तोडली तर शरीर स्वतःचं मांस झिजवतं. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागं रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. डॉक्टरांना विचारून डाळ, दही, अंडी, मटकी थोडी थोडी, चार-पाच वेळा द्या. झोपण्याआधीही काही खायला द्या, रात्रभर उपाशी ठेवू नका. कमी करायचं ते मीठ: पापड, लोणचं, खारी मासळी. दारू पूर्ण बंद. अंगदुखीच्या गोळ्या मनानं देऊ नका, त्यानं किडनी बिघडते.

पोटातलं पाणी पाच लिटरहून जास्त काढलं, तर शिरेतून अल्ब्युमिन देतात. ते महाग असतं. ताकदीचं सलाइन म्हणून मागू नका. गरज आहे का, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

ताप आला, पोट दुखलं, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, माणूस बरळायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा. गाडीला पैसे नसतील तर गटाला सांगा. आपली बचत अशाच वेळेसाठी आहे.

आणि त्या ताईंना सांगते, आज संध्याकाळी वरण करा. मीठ बेतानं घाला.