वायां जाणारी मासळी आणि कोंबड्यांचें खाद्य

मुंबईच्या ससून गोदींत पहाटे मासळीचा लिलाव होतो. सुरमई-हलव्याच्या तुकड्या घरोघर जातात. डोकीं, आंतडीं, शेपट्या व काटे मात्र मागें राहतात. त्या ढिगाजवळून जातांना प्रत्येकजण नाकाला रुमाल लावतो. परंतु त्यांतहि उत्तम प्रतीचीं प्रथिनें असतात. नासणें वेळींच थांबविलें, तर हाच टाकाऊ माल कोंबड्यांचें खाद्य होतो.

ही युक्ति मराठी घराला अगदींच अपरिचित नाहीं. दुधाला विरजण लावलें म्हणजे दुग्धाम्ल तयार होतें आणि कुजविणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्टानेन यांनीं हिरवी वैरण आम्लाच्या साहाय्यानें टिकविण्याची पद्धति काढली. १९४५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. आम्लाचें तेंच तत्त्व मासळीलाहि लागू पडतें. मात्र मासळींत साखर जवळजवळ नसते. म्हणून ताजे अवशेष बारीक करून त्यांत साखर-कारखान्यांतील मळी, साधारण दहा-पंधरा टक्के, आणि दुग्धाम्लजंतूंचें विरजण मिसळतात व तें झांकणबंद पिंपांत ठेवतात. उष्ण हवेंत थोड्याच दिवसांत आंबटपणा वाढून पीएच ४.५ च्या खालीं जातो. मासळीच्या अंगच्या पाचक रसांनीं मांस विरघळतें व आंबूस वासाचा पातळ लगदा तयार होतो.

मांसासाठीं वाढविलेलें ब्रॉयलर पिलूं सुमारें सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होतें. इतक्या झपाट्यानें वाढण्यास केवळ मका पुरत नाहीं; त्याच्या प्रथिनांत लायसीन हें आवश्यक द्रव्य कमी असतें. मासळी ती उणीव भरून काढते. शिवाय मासळीची भुकटी करण्यास यंत्रें व इंधन लागतें. आंबवणास पिंप पुरतें.

तथापि तीन गोष्टी ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. लगद्यांत पाणी पुष्कळ असल्यानें दूरची वाहतूक परवडत नाहीं. तो किनाऱ्याजवळच कोंडा किंवा भरडा यांत मिसळून वापरावा. तेलकट मासळीचें प्रमाण वाढल्यास कोंबडीच्या मांसाला मासळीचा वास येतो आणि गिऱ्हाईक तें नाकारतें. यास्तव तेल काढून घ्यावें, प्रमाण बेताचें ठेवावें आणि कापणीपूर्वीं कांहीं दिवस हें खाद्य बंद करावें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आंबविणें म्हणजे कुजलेल्याला सुधारणें नव्हे. नासक्या दुधाचें जसें चांगलें दहीं लागत नाहीं, तसेंच सडलेल्या मासळीचें निर्धोक खाद्य होत नाहीं. लिलाव संपतांच, उन्हें चढण्यापूर्वीं, तो ढीग उचलला गेला तरच त्याचें चीज होतें.