मुकादमाशिवाय टोळी चालेल का?

मुक्ताईनगर परिसरात निंदणीला, कापूस वेचायला सातपुड्याकडून बायका येतात. राबतात त्या, पण शेतकऱ्याशी बोलणी करतो मुकादम. रोज किती, उचल किती, गाडीभाडं किती कापायचं, सगळं तोच ठरवतो. हीच टोळी त्या बायकांच्याच मालकीची असली तर?

"छे, जमणार नाही" म्हणण्याआधी जरा पुण्याकडे बघू. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून बरीच कुटुंबं तिथे गेली, आणि त्यातल्या कित्येक बायका कचरा वेचू लागल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आधी संघटना आली, ओळखपत्रं आली. पुढे या संघटनेतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा या बायका उचलतात, घरटी शुल्क घेतात, भंगार विकून आलेले पैसेही त्यांचेच. मालक म्हणजे कचरावेचकच.

आता नीट बघा, इथे त्यांना नुसतं कर्ज मिळालं नाही, काम मिळालं. आपल्याकडे बायकांचं भलं म्हटलं की बचत गट आणि कर्ज एवढंच आठवतं. कर्ज घेऊन पापड लाटले, पण घेणार कोण? गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर हप्ता तेवढा डोक्यावर बसतो. 'स्वच्छ'ची ताकद त्या करारात आहे. आणि धोकाही तिथेच आहे. करार संपत आला की काम खासगी ठेकेदाराला द्यायची चर्चा सुरू होते. म्हणून संस्था झाली तरी संघटना सोडायची नसते.

कायदा तर आहेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. अडचण वेगळी आहे. चार महिने इथे, चार महिने तिकडे राहणारी बाई पत्त्याचा पुरावा कुठला देणार? आपण शिकलेल्यांनी मदत करायची ती इथे: कागदपत्रं, बँक खातं, आणि आधी दोन-चार शेतकऱ्यांकडून हंगामभराच्या कामाची हमी.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे लोक लगेच विचारतात, अ‍ॅप बनव ना. अ‍ॅप शेवटी. बनवलंच तर हिशेब ऐकू येईल असं बनवावं. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला फोनवर तिच्या बोलीत कळलं पाहिजे, आज किती जणी गेल्या, किती पैसे आले, माझे किती. हिशेब एकट्या सचिवालाच कळत असेल, तर तो सचिव म्हणजे नवा मुकादमच समजा.

आमच्या आयटी कंपन्यांत कर्मचाऱ्याला शेअर देतात, म्हणे मालक असल्यासारखं वाटलं की माणूस मन लावून काम करतो. एसीत बसणाऱ्याला हे लागू होतं, मग उन्हात निंदणाऱ्या बाईला का नाही?

तुमच्या गावात अशी टोळी असेल तर आधी एवढंच विचारा: ताई, तुमचा रोज कोण ठरवतं? तिथूनच बोलणं सुरू होईल. भेटू पुढच्या भागात.