उसने दिलेले मत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान, किंचित संक्षेपाने)



आजचा विषय मला एका तरुण कार्यकर्त्याने दिला. मागच्या बैठकीनंतर तो मला म्हणाला, "सर, ज्याच्याविरुद्ध आपण पाच वर्षे मोर्चे काढले, त्यालाच मत द्या असे लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचे?" प्रश्न सरळ होता. मी त्याला दिलेले उत्तर मात्र गुळमुळीत होते, याची खंत मला राहिली. ते उत्तर नीट देण्यासाठी आज मी आपल्यापुढे फ्रान्सचे उदाहरण ठेवणार आहे. अतिउजव्या पक्षाला अडवण्यासाठी आपल्या नावडत्या उमेदवाराला मत देण्याचा प्रयोग त्या देशात वारंवार झाला आहे आणि त्याचे यश व त्याची मर्यादा ही दोन्ही तेथे आकड्यांत पाहता येतात.

प्रथम ज्या पक्षाला अडवायचे तो पक्ष कोणता, हे पाहू. 'नॅशनल फ्रंट' हा पक्ष १९७२ मध्ये स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत हिटलरच्या वाफेन-एसएसमध्ये लढलेला एक फ्रेंच गृहस्थही होता. २०१८ मध्ये मारीन ल पेन यांनी पक्षाचे नाव बदलून 'रासांब्लमाँ नास्योनाल', म्हणजे राष्ट्रीय मेळावा, असे ठेवले. भाषा सौम्य झाली, पोशाख नीटनेटका झाला. परंतु घरे आणि सामाजिक लाभ यांत परकीयांआधी स्वकीय, हे सूत्र कायम राहिले. २०२४ च्या प्रचारात या पक्षाने असेही जाहीर केले की, दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांना काही संवेदनशील सरकारी पदांपासून दूर ठेवले जाईल. नागरिकांत प्रतवारी लावण्याचा विचार तो हाच. कररचनेवरील मतभेद आणि हा मतभेद यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

आता पद्धत पाहू. फ्रान्सच्या लोकसभेत ५७७ जागा आहेत आणि निवडणूक दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिले दोन उमेदवार दुसऱ्या फेरीत जातात. शिवाय नोंदलेल्या मतदारांपैकी १२.५ टक्के मते ज्याला मिळाली असतील, त्यालाही जाता येते. दुसऱ्या फेरीत ज्याची मते सर्वांत अधिक, तो निवडून येतो. म्हणजे दुसरी फेरी तिरंगी झाली, तर चाळीस टक्क्यांतही काम भागते. अतिउजव्यांचा लाभ याच तिरंगी लढतीत असतो. तिसऱ्याने माघार घेतली की तो लाभ संपतो.

९ जून २०२४ रोजी युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ल पेन यांच्या पक्षाला ३१ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी लोकसभा विसर्जित केली. समाजवादी, कम्युनिस्ट, हरित पक्ष आणि मेलाँशाँ यांचा 'अदम्य फ्रान्स' यांनी काही दिवसांतच 'नवा लोकप्रिय मोर्चा' उभारला. नाव अर्थातच १९३६ च्या लेआँ ब्लुम यांच्या मोर्च्याची आठवण देणारे होते. ३० जूनच्या पहिल्या फेरीत अतिउजवे आणि त्यांचे मित्र यांना सुमारे ३३ टक्के, डाव्या मोर्च्याला सुमारे २८ टक्के आणि माक्राँ यांच्या मध्यममार्गी आघाडीला २१ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. तीनशेहून अधिक मतदारसंघांत तिरंगी लढतीची शक्यता निर्माण झाली. त्या रात्रीपासून पुढच्या दोन दिवसांत दोनशेहून अधिक उमेदवारांनी आपली नावे मागे घेतली. त्यांत बहुसंख्य डावे होते. तिरंगी लढती उरल्या केवळ ८९.

या आकड्यांमागची एक कथा ऐका. कॅल्व्हाडोस जिल्ह्यात एलिझाबेथ बोर्न उभ्या होत्या. पंतप्रधान असताना २०२३ मध्ये त्यांनीच निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ वर नेणारा कायदा लोकसभेत मतदान न घेता, घटनेच्या ४९ व्या कलमाचा आधार घेऊन, पुढे रेटला होता. त्याविरुद्ध लक्षावधी कामगार रस्त्यावर उतरले होते. आता बोर्न दुसऱ्या क्रमांकावर होत्या. पहिल्या क्रमांकावर अतिउजवा उमेदवार होता आणि तिसऱ्या क्रमांकावर डाव्या मोर्च्याचा एक तरुण. त्या तरुणाने माघार घेतली आणि बोर्न निवडून आल्या. तिकडे सोम जिल्ह्यात उलट घडले. पहिल्या फेरीत मागे पडलेले डावे खासदार फ्रांस्वा रुफँ यांच्यासाठी माक्राँ यांच्या उमेदवाराने माघार घेतली आणि रुफँ यांची जागा वाचली. ज्यांनी निवृत्तिवेतनासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी बोर्न यांच्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकताना काय अनुभवले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. तरी त्यांनी ती टाकली.

निकाल आपणास ठाऊक आहे. ७ जुलै रोजी अतिउजव्यांचा पहिला क्रमांक निश्चित मानला जात होता; ते तिसऱ्या क्रमांकावर आले. डाव्या मोर्च्याला सुमारे १८०, मध्यममार्गीयांना १६० च्या आसपास आणि अतिउजवे व त्यांचे मित्र यांना १४३ जागा मिळाल्या.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. दुसऱ्या फेरीत अतिउजव्यांना सुमारे ३७ टक्के, म्हणजे सर्वांत अधिक मते मिळाली. मग त्यांना चौथा हिस्सा जागा देणे ही लोकशाही कशी? माझे उत्तर असे आहे. मतदारसंघात ज्या उमेदवाराला चाळीस टक्के लोक हवा म्हणतात आणि साठ टक्के लोक कोणत्याही स्थितीत नको म्हणतात, तो हरला तर बहुमताचा अपमान होत नाही. बहुमत तेथे बोललेले असते. 'नको' म्हणण्याचा अधिकार हाही मताधिकाराचाच भाग आहे. परंतु हे उत्तर देताना आपण प्रामाणिक असले पाहिजे: 'नको' म्हणणारे साठ टक्के 'काय हवे' याविषयी एकमत झालेले नसतात. या डावपेचाची खरी दुर्बलता येथेच आहे.

ही दुर्बलता समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. २१ एप्रिल २००२ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत सोळा उमेदवार होते. डाव्यांची मते अनेकांत विभागली गेली आणि समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर राहिले. जाँ-मारी ल पेन १६.८६ टक्के मते घेऊन दुसऱ्या फेरीत गेले. दोघांतील अंतर दोन लाख मतांचेही नव्हते. मग डाव्यांनी उजव्या जाक शिराक यांना मते दिली आणि शिराक ८२ टक्क्यांनी विजयी झाले. २०१७ मध्ये मारीन ल पेन यांच्याविरुद्ध माक्राँ यांना ६६ टक्के मिळाले. २०२२ मध्ये त्याच दोघांत ५८.५. बांध तोच, पण प्रत्येक पुरात त्याची उंची कमी होत गेलेली दिसते. त्याच काळात लोकसभेतील या पक्षाच्या जागा २०१७ च्या ८ वरून २०२२ मध्ये ८९ आणि २०२४ मध्ये मित्रांसह १४३ झाल्या. ज्याला आपण पराभव म्हणतो, त्यातही तो पक्ष वाढतच होता.

याचे कारण काय? माझ्या मते, हे मत उसने दिलेले मत असते आणि घेणाऱ्याला त्या उसनवारीचा विसर पडतो. शिराक यांना ८२ टक्क्यांत डाव्यांची लक्षावधी मते होती. त्यांनी राज्य चालवले ते मात्र निखळ उजव्यांचे. २०१५ च्या प्रादेशिक निवडणुकीत समाजवाद्यांनी उत्तरेत आणि दक्षिणेत अशा दोन प्रदेशांत आपली संपूर्ण यादी मागे घेतली. दोन्ही ठिकाणी ल पेन घराण्याच्या उमेदवार हरल्या. परंतु त्या प्रादेशिक सभांत पुढे २०२१ पर्यंत समाजवाद्यांचा एकही सभासद नव्हता. त्याग करणाऱ्याला सभागृहात बोलायलाही जागा उरली नाही! २०२४ नंतरही तेच झाले. सर्वांत मोठा गट डाव्यांचा असताना माक्राँ यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नेमले ते परंपरागत उजव्या पक्षाचे मिशेल बार्निए, ज्यांच्या पक्षाच्या जागा पन्नासही नव्हत्या. ते सरकार डिसेंबरात कोसळले. पुढचे बाइरू यांचे सरकार सप्टेंबर २०२५ मध्ये पडले.

यावर कोणी म्हणेल की, मग हा डावपेच सोडूनच द्यावा. या मताच्या मित्रांना मी १९३२ चा जर्मनी आठवण्याची विनंती करतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नाझींना ३३ टक्के मते होती. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांची मिळून ३७. पण कम्युनिस्टांच्या लेखी सोशल डेमोक्रॅट हे 'सामाजिक फॅसिस्ट' होते आणि हे दोन पक्ष एकत्र आले नाहीत. पुढे दोघांचेही कार्यकर्ते एकाच छळछावणीत भेटले. मात्र याच जर्मनीचा दुसरा धडाही आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलात सोशल डेमोक्रॅटांनी हिटलरला अडवण्यासाठी वृद्ध सेनानी हिंडेनबुर्ग यांना मते दिली. डावपेच यशस्वी झाला. हिंडेनबुर्ग ५३ टक्क्यांनी निवडून आले. आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्याच हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चान्सलर नेमले. मत उसने दिले आणि मागे वळून पाहिले नाही, तर काय होते याचे याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही.

या संदर्भात आपल्या घरची एक आठवण सांगतो. १९७७ मध्ये मी महाविद्यालयात शिकत होतो. चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्याचे चिन्ह भिंतींवर रंगवताना एका बाजूला समाजवादी आणि दुसऱ्या बाजूला जनसंघवाले असत. 'एकास एक' उमेदवार हे सूत्र होते. आणीबाणीचा पराभव झाला आणि तो होणे आवश्यकच होते. परंतु निवडणुकीपूर्वी जे प्रश्न आपण बाजूला ठेवले, तेच दुहेरी सदस्यत्वाच्या रूपाने नंतर पुढे आले आणि १९७९ मध्ये सरकार कोसळले. शिवाय आपल्या पद्धतीत दुसरी फेरी नाही. फ्रेंच कार्यकर्त्याला कोण कितव्या क्रमांकावर आहे हे आकडे सांगतात. आपल्याला ते अर्ज मागे घेण्याच्या दिवसापूर्वी अंदाजाने ओळखावे लागते. म्हणून आपल्याकडे हा निर्णय अधिक कठीण आणि आपल्या बळाविषयीची आत्मवंचना अधिक महाग ठरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. डावपेच तेथेच चालतो, जेथे समोरचा निम्म्याच्या खाली आहे. २०२४ मध्ये जवळजवळ ४० मतदारसंघांत अतिउजवे पहिल्याच फेरीत निम्म्याच्या वर गेले. उत्तरेतील एका जुन्या लाल मतदारसंघात कम्युनिस्ट पक्षाचे राष्ट्रीय सचिव फाबियाँ रुसेल पहिल्याच फेरीत पराभूत झाले. तेथे माघार कोणी कोणासाठी घ्यायची? खाणी बंद पडल्या, कारखाने गेले, संघटनांच्या कचेऱ्यांना कुलपे लागली आणि त्या रिकाम्या जागेत दुसरा कोणीतरी येऊन बसला. तो माणूस आपलाच होता. त्याला नुसते फॅसिस्ट म्हणून तो परत येणार नाही.

मग उसने दिलेले मत वसूल होतच नाही काय? होते; पण मागणारा असावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान लकोर्न्यु यांना आपले सरकार वाचवायचे होते. समाजवादी पक्षाने अट घातली आणि १४ ऑक्टोबर रोजी लकोर्न्यु यांनी निवृत्तिवयाची ती सुधारणा स्थगित करण्याची घोषणा केली. डाव्यांतील काहींना हे फार थोडे वाटले आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही कॅल्व्हाडोसमध्ये मन मारून मत देणाऱ्या कामगाराच्या पदरात पंधरा महिन्यांनी काही पडले. ते कोणाच्या उपकाराने पडले नाही, सभागृहात टिकवलेल्या जागांच्या बळावर पडले.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे आहे. होय, जेथे अतिउजवा निवडून येण्याचा धोका खरा असेल, तेथे नावडत्या उमेदवारालाही मत दे आणि इतरांना द्यायला सांग. पण तोंड लपवून सांगू नकोस. मतदाराला स्पष्ट सांग की, हा माणूस आपला नाही, त्याने आपले काय बिघडवले ते आपल्या स्मरणात आहे, आणि हे मत आपण त्याला केवळ उसने देत आहोत. ते त्या उमेदवारालाही भर सभेत ऐकव. मग निकालाच्या दुसऱ्या दिवशी, इतर कार्यकर्ते झोप काढत असताना, ज्या वस्तीत अतिउजव्याला अधिक मते पडली त्या वस्तीत जा. रेशनचे, मजुरीचे, पाण्याचे जे गाऱ्हाणे असेल ते ऐकून घे आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जा. ते काम झाले नाही, तर पुढच्या निवडणुकीत तू मला हाच प्रश्न पुन्हा विचारशील आणि तेव्हा माघार घ्यायलाही आपला उमेदवार उरलेला नसेल.