वय झालं म्हणून दात जात नाहीत



भाकरी चहात बुडवून खाणारी आजी, सासू नाहीतर आई आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात आहे. "वय झालं, आता दात जायचेच," असं म्हणून आपण विषय सोडून देतो. आज आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत. दात वयानं जात नाहीत, ते किडीनं आणि हिरड्यांच्या आजारानं जातात. आणि उतारवयात ही कीड बऱ्याचदा दाताच्या मुळाला लागते.

दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं टणक कवच असतं. मुळावर ते नसतं. मूळ हिरडीखाली झाकलेलं असतं, तोवर ते सुरक्षित राहतं. पण ओढ्याकाठची माती वाहून गेली की झाडाची मुळं दिसायला लागतात ना, तसंच इथं होतं. हिरडी मागं सरकली की मूळ उघडं पडतं. दातांवर साचलेला थर, हिरड्यांची सूज, कडक ब्रश, रोजची मिश्री यांनी हिरडी सरकते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं दात घट्ट होत नाहीत, उलट तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

दुसरं कारण म्हणजे कोरडं तोंड. लाळ दातांची राखण करते. रक्तदाबाच्या, झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं आणि घोट घोट पाणी पीत राहायचं.

तिसरं कारण गोड चहा. प्रत्येक कपानंतर बराच वेळ तोंडात आम्ल तयार होतं. दिवसात पाच-सहा वेळा चहा-बिस्किट झालं, तर मुळाला सावरायला वेळच मिळत नाही. आणि दात दुखतो म्हणून मऊ, गोड खायचं, त्यानं कीड आणखी वाढते.

ही कीड सुरुवातीला दुखत नाही. ती मुळाभोवती पसरते आणि एक दिवस दात हिरडीपाशीच मोडतो. म्हणून दुखायची वाट बघू नका. उजेडात बसवून आजींचा ओठ वर करा. हिरडीच्या कडेला पिवळा किंवा तपकिरी डाग दिसला, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचा डाग फ्लोराइड लावून थांबवता येतो, खड्डा लहान असेल तर भरता येतो. सरकारी दवाखान्यात दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आशाताईंना विचारा.

घरी काय करायचं? सकाळी आणि रात्री झोपताना, मऊ ब्रशनं, फ्लोराइड असलेल्या पेस्टनं दात घासायचे. पेस्ट थुंकायची, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही. थोडी पेस्ट दातांवर राहिली तर कामाला येते. हात थरथरत असेल, तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करून द्या. कवळी असेल, तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनाही घेऊन या. हप्ते जमा झाले की दहा मिनिटं एकमेकींचे दात बघूया. डाग वेळेत दिसला, तर त्या बाईला पुढची कितीतरी वर्षं आपल्या दातांनी भाकरी चावून खाता येईल.