मैदानावरच्या लेकी



11 जून 2023 रोजी जपानमध्ये आपल्या 21 वर्षांखालील मुलींच्या हॉकी संघाने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून ज्युनिअर आशिया चषक प्रथमच जिंकला. त्या संघात सातारा जिल्ह्यातील ऋतुजा पिसाळ व वैष्णवी फाळके होत्या. त्याच वर्षी चिलीतील विश्वचषकात ऋतुजा संघाची उपकर्णधार होती.

साताऱ्याच्या लेकींना जे साधले, ते आपल्या नगरच्या लेकींना का साधू नये? शाळेतून येताच मुलीच्या हाती केरसुणी देणाऱ्या आपणच ना? यंदा संक्रांतीचे वाण म्हणून मंडळाने मुलींच्या एखाद्या शाळेला हॉकीच्या काठ्या द्याव्यात, आणि प्रत्येकीने आपल्या मुलीला संध्याकाळी खेळायला एक तास मोकळा द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.