कारागृहाची भेट आणि विद्यार्थ्यांचे शिक्षण



शाळेच्या सहलीत किल्ला, धरण, मंदिर, ताडोबाचे अरण्य ही स्थळे नेहमीच असतात. कारागृहाचे नाव त्या यादीत सहसा आढळत नाही. तथापि चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळवृक्ष या दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवा. दिनांक २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना तेथे फाशी देण्यात आली. अहेरी भागातील जमीनदार घराण्यात १८३३ साली जन्मलेल्या या गोंड तरुणाने इंग्रजी सत्तेविरुद्ध आदिवासींची फौज उभारली होती. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्या स्मृतिदिनी लोक आजही वंदनास जमतात.

वंदनीय पुरुष तुरुंगात कसा गेला, असा प्रश्न विचारी मुलाच्या मनात उभा राहील. हाच धड्याचा आरंभ होय. परसत्तेने लादलेला कायदा आणि लोकप्रतिनिधींनी केलेला कायदा यांतील भेद येथून समजावून देता येतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे १९३३ साली गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. पुण्याच्या येरवडा कारागृहातील अशी ऐतिहासिक स्थळे विद्यार्थ्यांना पाहता यावीत, म्हणून २६ जानेवारी २०२१ पासून शासनाने कारागृह पर्यटनाचा उपक्रम सुरू केला.

दुसरा धडा आरोप व अपराध यांतील अंतराचा. देशातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन बंदी न्यायाधीन असतात; त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. ‘आत आहे म्हणजे चोर आहे’ ही गावची समजूत किती उतावळी आहे, हे मुलांस यावरून कळेल.

तिसरा धडा सुधारणेचा. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुली वसाहत स्थापन केली. तेथे कैद्यांना भिंतीवाचून, विश्वासावर ठेवून शेतीस लावण्यात आले. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावर आधारलेला आहे. माणूस चुकतो, तसा तो सावरतोही, हे मुलांना उपदेशापेक्षा अशा उदाहरणाने अधिक पटते.

भेटीपूर्वी कारागृह अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी. वरच्या वर्गातील थोडीच मुले न्यावीत. कारागृह म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. कोणाकडे बोट दाखवू नये, कोणास त्याचा गुन्हा विचारू नये, ही शिस्त शाळेतच शिकवावी. परतल्यावर ‘काय पाहिले’ याबरोबरच ‘काय वाटले’ हेही लिहून घ्यावे. अंतरामुळे जाणे न घडले, तर हीच चर्चा वर्गात करावी.

‘ऐकले नाहीस तर पोलीस तुरुंगात टाकील’ असा धाक घरी व शाळेतही घातला जातो. तो सोडून द्यावा. अठरा वर्षांखालील मुलास तुरुंगात ठेवता येत नाही, हा कायदा आहे; आणि भीतीने मिळालेली शिस्त भीतीबरोबरच संपते.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. एखाद्या वर्गात असे मूल असते, की ज्याचा बाप कारागृहात आहे. ते मागच्या ओळीत बसते, सुटीत एकटे राहते आणि एके दिवशी शाळेत येईनासे होते. बापाच्या खटल्याची शिक्षा त्याने का भोगावी? भेटीहून परतलेल्या मुलांनी त्यास आपल्या खेळात घेतले, शिक्षकाने त्यास पुढच्या ओळीत बसविले, तर कारागृहाची भेट सार्थकी लागली असे समजावे.