पडद्याआडचा ख्रिस्त

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेला मनुष्य मुलांसाठी काढलेल्या एका जपानी चित्रमालिकेवर बोलणार, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु भाडे, मजुरी, पत आणि ईश्वर हे चारही विषय ज्या कलाकृतीत एका अनाथ पोराच्या आयुष्यात एकत्र येतात, ती आपण अभ्यासाच्या कक्षेबाहेर का ठेवावी?

‘फ्लँडर्सचा कुत्रा’ ही बावन्न भागांची ॲनिमे मालिका जपानी दूरचित्रवाणीवर १९७५ साली वर्षभर दर रविवारी दाखविली गेली. दिग्दर्शक योशिओ कुरोदा. मूळ कथा ‘विदा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची, १८७२ सालची. बेल्जियममधील अँटवर्प शहराजवळच्या खेड्यात नेल्लो हा मुलगा आपल्या वृद्ध आजोबांजवळ राहतो. गावातील दूध गाडीतून शहरात पोचविणे, एवढाच त्यांचा चरितार्थ. मालकाने राबवून, मारहाण करून रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला पात्राश नावाचा कुत्रा ते घरी आणतात, आणि पुढे तोच त्यांची गाडी ओढू लागतो. नेल्लोला चित्रकलेचा ध्यास आहे. अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये रुबेन्सची दोन चित्रे आहेत : क्रूस उभारला जात असतानाचे एक, आणि क्रूसावरून ख्रिस्ताचे शव उतरवितानाचे दुसरे. ती पाहावीत एवढीच त्याची इच्छा. परंतु चित्रांवर पडदा आहे आणि नाणे दिल्यावाचून तो सरकत नाही.

येथे थोडे थांबू. मत्तयाच्या शुभवर्तमानात असे सांगितले आहे की, येशूने प्राण सोडला त्या क्षणी यरुशलेमच्या मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. ख्रिस्ती धर्मचिंतनात या घटनेचा अर्थ मोठा आहे. देव आणि मनुष्य यांच्यामधील आडकाठी गेली. आता मध्यस्थ नको, मूल्य नको. आणि त्याच मरणाच्या चित्रासमोर त्याच्याच नावाने चालणाऱ्या मंदिरात पुन्हा पडदा टांगला गेला व त्याला दर लावला गेला! सराफांचे चौरंग उलथून टाकणाऱ्या येशूचे दर्शन विकत घ्यावे लागते, याहून कठोर टीका एखाद्या नास्तिकालाही सुचली नसती. तीही कोठे भाषणातून येत नाही. एक मुलगा पडद्यासमोर उभा राहतो आणि परत फिरतो, एवढेच आपल्याला दिसते.

आता त्याच्या दारिद्र्याचा हिशेब पाहू. नेल्लोच्या गावात राक्षस कोणी नाही. गावातील सर्वांत सधन गृहस्थाला आपली मुलगी अलोआ हिची या निर्धन पोराशी असलेली मैत्री रुचत नाही. पवनचक्कीला आग लागते आणि संशय नेल्लोवर येतो. त्या गृहस्थाची मर्जी राखण्यासाठी शेतकरी आपले दूध दुसऱ्याकडे देऊ लागतात. आजोबा मरतात. भाडे थकते आणि झोपडी सोडावी लागते. चित्रस्पर्धेतील बक्षीस एका श्रीमंताच्या मुलाला मिळते. यातील प्रत्येक कृती करणारा मनुष्य आपल्या परीने सभ्यच आहे. कोणी नेल्लोला मारीत नाही. प्रत्येकजण त्याच्याशी असलेला व्यवहार तेवढा थांबवितो. ज्याच्यापाशी जमीन नाही, साठा नाही आणि कायद्याचे संरक्षण नाही, त्याला मारण्यास एवढे पुरेसे असते.

ज्या काळात ही कथा लिहिली गेली, त्या काळातील बेल्जियम हा युरोपातील आघाडीच्या औद्योगिक देशांपैकी एक होता. १८४० नंतरच्या दशकात याच फ्लँडर्समध्ये हातमागाच्या तागी कापडाचा धंदा बसला, बटाट्याचे पीक गेले आणि लोक भुकेने मेले. १८६९ साली बेल्जियममधील संपकरी कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा जमीनदार, भांडवलदार आणि धर्मगुरू हे तिघेही या देशात कसे निर्धास्त नांदतात, असा टोला मार्क्सने हाणला होता. नेल्लोच्या कथेत हे तिघेही आहेत. फक्त त्यांचे चेहरे सौम्य आहेत.

नाताळच्या आदल्या रात्री बर्फात सापडलेली त्या सधन गृहस्थाची पैशाची थैली नेल्लो त्याच्या घरी नेऊन देतो, पात्राशला तेथेच सोपवितो आणि उपाशीपोटी कॅथेड्रलमध्ये जातो. कुत्रा सुटून त्याच्या मागोमाग येतो. तेथे त्याला अखेर ती चित्रे दिसतात, आणि त्यांच्यासमोरच दोघे गारठून मरतात. देवदूत उतरतात आणि त्यांना वर घेऊन जातात.

या शेवटावर आपल्या परंपरेतील टीकाकार तत्काळ आक्षेप घेईल : ही अफूची गोळी झाली, पृथ्वीवर भाकरी नाही म्हणून आकाशात पंख दिले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजार यांचा दाखला आठवा. श्रीमंताच्या दाराशी लाजार नावाचा भिकारी पडलेला असे. कुत्री येऊन त्याचे फोड चाटीत. तो मेला आणि देवदूतांनी त्याला अब्राहामापाशी नेले. कुत्रा, बंद दार, देवदूत : सारे येथे आहे. परंतु हा दाखला येशू लाजाराच्या समाधानासाठी सांगत नाही. ज्यांच्या दाराशी लाजार पडलेला आहे, त्यांना तो सांगतो. देवदूत हे तेथे गरिबाचे सांत्वन नसून श्रीमंतावरील आरोपपत्र आहे. मालिकेतील शेवटही मी असाच वाचतो. जे काम माणसांनी करावयाचे, ते करण्यास देवदूतांना यावे लागले, ही गावाची नामुष्की आहे.

याला मालिकेतच आधार आहे. त्याच रात्री त्या गृहस्थाला पश्चात्ताप होतो. नेल्लो निर्दोष असल्याचे उमगते. त्याची प्रतिभा ओळखणारा चित्रकार त्याला शिष्य म्हणून न्यावयास येतो. घर, पत, शिक्षण सारे येते. फक्त काही तास उशिरा येते. दयेवर चालणाऱ्या समाजाचा हाच मूलभूत दोष आहे. दया खोटी नसते, परंतु ती देणाऱ्याच्या सवडीने येते आणि भूक घेणाऱ्याच्या शरीराच्या वेळापत्रकाने चालते. म्हणून भाकरी, निवारा व शिक्षण हे हक्क असावे लागतात. त्या दाखल्यात श्रीमंत मनुष्य आपल्या भावांना सावध करण्यासाठी मेलेल्यांतून कोणी पाठवावा अशी विनवणी करतो, तेव्हा अब्राहाम त्याला सांगतो की, त्यांच्यापाशी मोशे आणि संदेष्टे आहेत. म्हणजे नियमशास्त्र आहे, ते पाळा. चमत्काराची वाट पाहू नका.

१९५९ सालच्या अमेरिकन चित्रपटात नेल्लोला जगविण्यात आले. त्यामागे सद्भावना असेल, पण एका मुलाला वाचवून त्या चित्रपटाने गावाला निर्दोष सोडले. जपानी मालिकेने तसे केले नाही. ज्या देशात ख्रिस्ती लोक शंभरात एखादाच, त्या देशातील मुलांनी हे मरण रडत पाहिले. त्यांच्या आईबापांनी वेगवान आर्थिक वाढीची वर्षे पाहिली होती, आणि १९७४ साली युद्धोत्तर काळात प्रथमच ती वाढ थांबून अर्थव्यवस्था आकुंचन पावलेलीही पाहिली होती. स्पर्धेत मागे पडलेल्याचे काय होते, हा प्रश्न त्या घरांना परका नव्हता.

२०१६ साली अँटवर्पच्या कॅथेड्रलसमोर नेल्लो आणि पात्राश यांचे संगमरवरी शिल्प बसविण्यात आले. रस्त्याची फरसबंदीच पांघरूण करून दोघे निजलेले आहेत. शिल्प पाहण्यास पैसे पडत नाहीत. आत जाऊन रुबेन्सची चित्रे पाहावयाची, तर पर्यटकाला आजही तिकीट काढावे लागते.